लेबल लायपोसोमलचे, आत औषध दुसरेच

रक्ताच्या कर्करोगावरील केमोथेरपीने माझ्या धाकट्या भावाच्या पांढऱ्या पेशी अगदी खाली गेल्या असताना त्याला म्युकरमायकोसिसने गाठले. ही बुरशी रक्तवाहिन्यांत शिरून रक्तपुरवठाच तोडते व तेथील ऊती काळ्या पडतात, त्यामुळे मृत भाग शस्त्रक्रियेने काढणे आणि लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन बी (चरबीच्या सूक्ष्म कणांत बसवलेले बुरशीविरोधी औषध) सुरू करणे ही दोन्ही कामे तातडीने करावी लागतात. (फ्लुकोनॅझोल किंवा व्होरिकोनॅझोल या बुरशीवर चालत नाही.) रुग्णालयातील साठा संपला होता, आणि नेमकी ही निकड हेरून एका मध्यस्थाने आमची गाठ घेतली. पैसे आगाऊ, पावती मात्र ‘नंतर’.

आलेल्या कुप्या दिसायला निर्दोष होत्या. फार्मासिस्टबाईंना मात्र खोक्यात औषधासोबत मिळणारा फिल्टर दिसला नाही, म्हणून त्यांनी कुपी उजेडात धरली, तेव्हा लेबलाची एक कड उचललेली आणि तिच्याखाली जुन्या कागदाचा चिकट पट्टा आढळला. एका कुपीत निर्जंतुक पाणी घालून हलवल्यावर लायपोसोमलचे असते तसे धूसर पिवळे मिश्रण तयार झालेच नाही. आरपार दिसणारे स्वच्छ पिवळे द्रावण झाले. ते साधे, डिऑक्सिकोलेट प्रकारचे ॲम्फोटेरिसिन असल्याचे नंतर तपासणीत ठरले.

नाव तेच, भुकटी पिवळीच, कुपीही ५० मिलिग्रॅमचीच. फरक आहे तो मात्रेत. या आजारात लायपोसोमल प्रकार रोज किलोमागे ५ मिलिग्रॅम किंवा अधिक देतात, तर साध्या प्रकारात दिवसाला किलोमागे १.५ मिलिग्रॅमची मर्यादा कधीही ओलांडायची नसते. साठ किलोच्या रुग्णाला सहा कुप्या, म्हणजे ३०० मिलिग्रॅम, चढवल्या असत्या तर ९० मिलिग्रॅमची मर्यादा तिपटीहून अधिक ओलांडली जाऊन हृदय बंद पडण्याचा धोका होता. कुपीत नुसती साखर भरलेली असती तर उपचार वाया गेले असते. ही लबाडी मला त्याहून भयंकर वाटते, कारण येथे खरे औषधच जीव घेऊ शकले असते.

मध्यस्थाचा फोन तेव्हापासून बंद आहे. पोलिसांकडे आणि औषध नियंत्रकांकडे तक्रार दिली असून उरलेल्या कुप्या पुराव्यासाठी सीलबंद आहेत. लेबलावरचा बॅच क्रमांक उत्पादक कंपनीच्या नोंदीत खरा निघाला, तेव्हा फोनवर क्रमांक जुळला एवढ्यावर कुणीही निश्चिंत राहू नये. खोके, बिल आणि न उघडलेली कुपी रुग्णालयाच्या फार्मासिस्टकडून तपासून घ्यावी.