उद्यानातल्या ओढ्याचे पुनरुज्जीवन : दोन पावसाळ्यांनंतरचा अभिप्राय

आमच्या उद्यानातून वाहणाऱ्या ओढ्याचे काम एका खासगी संस्थेने पूर्ण केले, त्याला आता दोन पावसाळे उलटले. नवे काम पहिल्या दिवशी नेहमीच देखणे दिसते. ओढ्याच्या कामाची परीक्षा मात्र पुरातच होते, म्हणून हा अभिप्राय मुद्दाम उशिराने लिहीत आहे.

या ओढ्याचे दुखणे शहरातल्या बहुतेक ओढ्यांचे असते तेच होते. आजूबाजूला छपरे, डांबर आणि सिमेंट वाढत गेले, तसे पावसाचे पाणी मुरेनासे झाले आणि वाहिन्यांमधून एकाच वेळी ओढ्यात कोसळू लागले. त्या लोंढ्याने तळ खरवडला, पात्र खोल गेले, काठ उभे झाले आणि पायथा सुटताच ढासळू लागले. पाऊस थांबला की ओढा लगेच कोरडा पडे, कारण जमिनीतून त्याला हळूहळू पाणी पुरवणारा ओलावाच उरला नव्हता. पूर्वी एका बाजूला दगडी पिचिंग, म्हणजे काठावर दगडांचे अस्तर, करून पाहिले होते. त्याने तेवढा काठ वाचला खरा, पण गुळगुळीत भिंतीवरून वेगाने निघालेले पाणी पुढच्या वळणावर आदळून तिथला काठ घेऊन गेले.

या संस्थेची मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे त्यांनी सुरुवातीचा संपूर्ण पावसाळा यंत्र न आणता केवळ मोजमापात घालवला. त्या काळात आमच्यापैकी अनेकांना हा वेळकाढूपणा वाटला आणि मलाही तसेच वाटले होते, हे मान्य करतो. एके सकाळी त्यांच्याबरोबर मी गोटे मोजायला पात्रात उतरलो. पात्र आडवे ओलांडत जायचे, प्रत्येक पावलाला खाली न पाहता बुटाच्या टोकाशी बोट टेकवायचे, बोटाला लागेल तो गोटा उचलायचा आणि त्याची सर्वांत लांब किंवा सर्वांत आखूड नव्हे, तर मधली बाजू मोजून नोंदवायची. असे शंभर गोटे. नद्यांचे अभ्यासक वॉलमन यांनी 1954 साली मांडलेली ही साधी पद्धत आजही वापरात आहे. कोणत्या आकाराचे दगड पूर हलवतो आणि कोणते जागेवर टिकतील, याचा अंदाज त्या यादीतून बांधता येतो. नंतर बसवलेले दगड दोन पुरांत जवळजवळ हलले नाहीत, त्याचे श्रेय मी त्या सकाळीला देतो.

प्रत्यक्ष कामात उभे काठ कापून उतरते केले, पुराचे पाणी पसरावे म्हणून पात्रालगत एक सखल पट्टा मोकळा ठेवला आणि उथळ खळाळ व डोह एकाआड एक येतील अशी दगडांची रचना केली. नैसर्गिक ओढ्यात दोन डोहांमधले अंतर साधारणपणे पात्राच्या रुंदीच्या पाच ते सात पट असते, तेच प्रमाण इथे धरले आहे. काठाच्या पायथ्याशी काथ्याचे लोड खुंट्यांनी पक्के केले, उतारावर काथ्याची चटई अंथरली आणि तिच्यातून वाळा, लव्हाळा व वाळुंजाच्या जिवंत फांद्या लावल्या. काथ्या काही वर्षांत कुजतो म्हणून आमच्याकडे आक्षेप घेतला गेला. तो कुजण्यासाठीच असतो, कारण तोवर माती धरून ठेवण्याचे काम मुळांनी घ्यायचे असते. गेल्या आठवड्यात मी चटईची कड उचलून पाहिली. दोरे काळपट पडून बोटांत तुटत होते, पण चटई मातीपासून सुटेना, इतकी मुळे तिच्यातून आरपार गेली होती.

उणिवा मात्र गंभीर आहेत. पादचारी पुलाखालच्या टप्प्यात चटयांचे जोड उलटे घातले गेले होते. कौलांसारखी वरच्या अंगाची चटई खालच्या चटईवर यायला हवी. इथे ती खाली गेली, पाणी आत शिरले आणि पहिल्याच पुरात पूर्ण पट्टा गुंडाळला गेला. संस्थेने तो स्वखर्चाने पुन्हा केला, पण तीन पत्रे लिहिल्यानंतर. देखभालीचा करारही एकाच वर्षाचा होता आणि लागवडीला हा काळ अपुरा आहे. करार संपताच घाणेरीने डोके वर काढले आणि कोणीच समजावून न सांगितल्यामुळे माळ्यांनी गवत पार पाण्यापर्यंत यंत्राने कापून टाकले, त्यात कोवळा वाळाही गेला.

पाण्याच्या गुणवत्तेबद्दल संस्थेला दोष देणार नाही. फुटक्या सांडपाणी वाहिनीचा प्रश्न काठ सुधारून सुटणार नाही, असे त्यांनी सुरुवातीलाच लेखी कळवले होते. वरच्या डोहातल्या गाळात अजून कमी प्राणवायूत तग धरणाऱ्या लाल अळ्याच सापडतात. खालच्या खळाळात, जिथे पाणी दगडांवरून फेसाळत जाते, तिथे यंदा चतुराच्या अळ्या दिसल्या.

ही सेवा घेण्याची शिफारस मी करीन, परंतु करारात किमान तीन वर्षांची देखभाल, माळ्यांचे प्रशिक्षण आणि दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत रोखून धरलेला शेवटचा हप्ता, या तिन्ही गोष्टी लिहून घ्याव्यात. आमच्या करारात यांपैकी एकही नव्हती. पुढच्या टप्प्याच्या मसुद्यात तिन्ही घातल्या आहेत आणि वाहिनीची दुरुस्ती झाल्याखेरीज वरच्या डोहाला हात लावू नये, असे चौथे कलमही जोडले आहे.