म्हाताऱ्या मांजरांसाठी रत्नागिरीतला एक दवाखाना: काटा चोख, कुरिअर कच्चं

मांजराची तपासणी म्हटली की बहुतेकांना रक्ताचा रिपोर्ट हवा असतो. शहरातल्या ह्या दोन खोल्यांच्या खाजगी दवाखान्यात रक्ताचा नंबर शेवटी लागतो, आणि दहा वर्षांपुढच्या मांजरासाठी हाच क्रम बरोबर आहे. आधी रक्तदाब, मग वजन, मग हाताने तपासणी, मग लघवी आणि सगळ्यात शेवटी सुई. फोन करून वेळ घेतली आणि ‘म्हातारं मांजर आहे’ असं आधीच सांगितलं, तर पाऊण तास राखून ठेवतात. न सांगता गेलात तर कुत्र्यांच्या लशींच्या रांगेत दहा मिनिटांत आटोपतं आणि त्या दहा मिनिटांना तपासणी म्हणण्यात अर्थ नाही.

खोलीत गेल्यावर पिंजरा टेबलावर ठेवून दार उघडतात आणि पाच-दहा मिनिटं मांजराला कोणी हात लावत नाही. हा वेळ वाया जात नाही. घाबरलेल्या मांजराचा रक्तदाब आणि साखर दोन्ही खोटे वर जातात. साखर तर नुसत्या भीतीने तीनशेपर्यंत जाऊ शकते, आणि मग नसलेल्या मधुमेहाच्या मागे महिना जातो.

रक्तदाब डॉप्लर यंत्राने घेतात. पुढच्या पायाला बोटभर रुंदीचा कफ, म्हणजे हवेने फुगणारा पट्टा, पंजाखालचे केस थोडे भादरून त्यावर जेल आणि जेलवर टोकाला चकती असलेली वायर. नाडीचा फुसफुस आवाज मांजराच्या कानावर जाऊ नये म्हणून डॉक्टर हेडफोन लावतात. कफची रुंदी पायाच्या घेराच्या ३० ते ४० टक्के लागते. अरुंद कफ बांधला तर आकडा खोटा वर येतो, रुंद बांधला तर खोटा खाली. पहिलं माप टाकून देतात आणि पुढच्या पाच-सात मापांची सरासरी धरतात. वरचा आकडा १४०च्या खाली असेल तर काळजी नाही. १६०च्या वर औषधाचा विचार सुरू होतो आणि १८०च्या वर डोळ्याचा पडदा सुटायची भीती असते. ‘भाटी एका रात्रीत आंधळी झाली, भिंतीवर आपटते’ असं सांगत लोक येतात, त्यातल्या बऱ्याच मांजरांचा रक्तदाब कधी कोणी मोजलेलाच नसतो. इथल्या कार्डावर ‘उजवा पुढचा पाय, कफ नं. ३, बसलेली’ असं लिहिलेलं असतं. पुढच्या खेपेला तोच पाय, तोच कफ, तीच बैठक. ह्या एका ओळीसाठी दवाखान्याला पैकीच्या पैकी मार्क द्यायला हरकत नाही.

वजनासाठी तान्ह्या बाळांचा काटा आहे, दहा ग्रॅमपर्यंत दाखवणारा. घरी आपण मांजर कडेवर घेऊन माणसांच्या काट्यावर उभे राहतो आणि आपलं वजन वजा करतो. तो काटा शंभर-दोनशे ग्रॅम इकडेतिकडे सहज करतो, आणि नेमका तेवढाच फरक कळायला हवा असतो. चार किलोचं मांजर ३.८ वर आलं म्हणजे पाच टक्के गेले. साठ किलोच्या माणसाचे तीन किलो उतरावेत तसं. वजनाबरोबर पाठीचा कणा आणि खुब्यावरचं मांस चाचपून त्याचा शेरा वेगळा लिहितात. म्हातारपणी पोट लोंबतं तसंच राहतं आणि पाठ मात्र करवतीसारखी लागते, त्यामुळे पोटाकडे बघून ‘खाऊन-पिऊन आहे’ म्हणणं फसवं असतं. कातडी चिमटीत धरून पाणी कमी झालंय का बघायची पद्धतही इथे म्हाताऱ्या मांजरावर वापरत नाहीत. कातडीचा ताणच गेलेला असतो. हिरड्या चिकट लागतात का ते बघतात.

दात, गळ्यातली थायरॉईडची गाठ आणि सांधे व्यवस्थित बघतात. नखं न सांगता कापून देतात, तीही पुढच्या पायांच्या अंगठ्यासकट. म्हातारी मांजरं खांबावर नखं घासत नाहीत. नख जाड होऊन गोल वळतं, गादीत रुततं, आणि लंगडण्याचं खापर संधिवातावर फुटतं.

मूत्रपिंडाकडे यावं, कारण बरीच म्हातारी मांजरं ह्याच वाटेने जातात. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाने रक्तातून बाहेर टाकायचा टाकाऊ पदार्थ, वाढलेलं दिसेपर्यंत मूत्रपिंडाचं साधारण तीन चतुर्थांश काम बंद पडलेलं असतं. शिवाय क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. अंगावर मांसच उरलं नसेल तर आकडा कमी दिसतो आणि रिपोर्ट बघून घरचे खूश होतात. १.६ च्या पुढे सावध व्हायला हवं, आणि काही लॅबच्या कागदावर २.४ पर्यंत ‘नॉर्मल’ छापलेलं असतं. म्हणून लघवीचा घट्टपणा बघतात: हातात मावणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर एक थेंब टाकून उजेडाकडे धरलं की आकडा दिसतो. १.०३५ च्या वर असेल तर मूत्रपिंड पाणी राखतंय. सतत खाली असेल तर रक्त काहीही म्हणो, पुढची तपासणी हवी.

लघवी घरून नेता येते, पण माडाखालच्या मातीत करणारं मांजर असेल तर आदल्या रात्री ते न्हाणीघरात किंवा खोलीत कोंडावं लागतं. ट्रेमध्ये वाळूऐवजी माशांच्या टाकीतले खडे धुऊन, कोरडे करून पसरावेत, सकाळी सिरिंजने ओढून स्वच्छ बाटलीत भरावं आणि चार तासांच्या आत पोचवावं. फिनेलने धुतलेला ट्रे चालत नाही; मांजरालाही तो वास नको असतो.

आता उणी बाजू. साखर आणि हिमॅटोक्रिट (रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण) एवढंच जागेवर होतं, बाकी सगळं रक्त कुरिअरने बाहेर जातं. यंत्रावर फिरवून सीरम, म्हणजे पेशी सोडून उरणारं रक्ताचं पाणी, वेगळं काढून पाठवायला हवं, पण गर्दीच्या दिवशी नळी तशीच डब्यात जाते. मग रक्तपेशी नळीतली साखर तासागणिक खात बसतात आणि रिपोर्टात ती खोटी खाली येते. शनिवारी काढलेलं रक्त सोमवारपर्यंत पडून राहतं. पावसात घाट बंद झाला तर विचारूच नका. ह्यावर उपाय दोन: रक्तासाठी सोमवार ते बुधवार सकाळचीच वेळ मागावी, आणि ‘सीरम वेगळं काढलंत का, काचपट्टीवर थेंब पसरलात का’ असं तोंडावर विचारावं. विचारलं की करतात, रागावत नाहीत. काचपट्टी हवीच, कारण मांजराच्या प्लेटलेट्स नळीत गुठळ्या धरतात आणि यंत्र त्या मोजतच नाही.

वेळ वाचवायला शेजारच्या माणसांच्या लॅबमध्ये पेशींची मोजणी करून घेऊ नये. मांजराच्या तांबड्या पेशी आपल्यापेक्षा लहान आणि प्लेटलेट्स मोठ्या. माणसांसाठी लावलेलं यंत्र एकीला दुसरी समजतं. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांची घडी मुळात गुराढोरांसाठी बसवलेली आहे. रेबीजची लस, जखम ह्यांसाठी तिथे खुशाल जावं. सोनोग्राफी किंवा दात काढायला कोल्हापूर, नाहीतर मुंबईत परळचं १८८६ पासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालय. तेवढा प्रवास त्या मांजराला झेपेल का, हे इथले डॉक्टर स्पष्ट सांगतात.

बसायची जागा ही दुसरी तक्रार. एकच बाकडं, त्यावर कुत्री-मांजरं सगळी. रिक्षात थांबून फोनची वाट बघावी. आत बसावंच लागलं तर पिंजरा जमिनीवर न ठेवता मांडीवर घ्यावा आणि वर घरचा न धुतलेला टॉवेल टाकावा. पिंजरा वरचा अर्धा भाग निघणारा घ्या. खालच्या अर्ध्यात बसल्या बसल्याच तपासणी होते, दुखऱ्या सांध्यांना ओढाताण नाही. बाजाराच्या पिशवीत किंवा आंब्याच्या पेटीत आणलेलं मांजर निम्मं इथेच दमतं.

फारच घाबरत असेल तर गुंगी आणून भीती कमी करणारं गॅबापेंटिन आदल्या दिवशी हातात देतात, साधारण ५० ते १०० मिलिग्रॅम; घालायचं ते निघायच्या दोन-तीन तास आधी चमचाभर शिजवलेल्या मासळीत मिसळून. मूत्रपिंड दुखावलेलं असेल तर मात्रा कमी करतात, म्हणून घरच्या घरी ठरवू नये. रात्रीपर्यंत झोकांड्या जातात, तेव्हा त्या दिवशी कौलांवर आणि विहिरीच्या कठड्यावर चढू देऊ नये. गुहागरकडून तवसाळ–जयगड फेरीने येणाऱ्यांनी गाडीच्या काचा वर करून आतच बसावं. इंजिनाची धडधड आणि भोंगा ह्याने औषधाचा निम्मा उपयोग जातो.

आहाराचा छापील कागद मात्र कोकणात चालणारा नाही. त्यात ‘मासे बंद’ एवढंच आहे. बिनमिठाचा उकडलेला, काटे काढलेला बांगडा थोडा दिला तर बिघडत नाही. सुकट, खारा बांगडा मिठामुळे बंद. रोजच्या रोज कच्ची मासळी नको: काही माशांत बी-१ जीवनसत्त्व नासवणारं द्रव्य असतं, शिजवल्यावर ते निकामी होतं. आणि पथ्याचं अन्न पुढे करून मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं, तर यकृतात चरबी साचून मूत्रपिंडाआधी तेच मारतं. कागदावर हे लिहायला हवं होतं. भिंतीवर मात्र दोन गोष्टी ठळक लिहिल्यात: पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेते, आणि कुत्र्यांचे परमेथ्रिनवाले गोचिडांचे थेंब मांजराला लावू नयेत.

तपासणी, रक्त आणि कुरिअर असे तीन वेगळे आकार घेतात, पण तिन्ही आधी सांगतात. पंधरा वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी, त्यापुढे दर चार महिन्यांनी बोलावतात. पुढची तारीख कार्डावर पेन्सिलीने लिहितात. गणपतीच्या किंवा शिमग्याच्या आठवड्यात येत असेल तर तिथल्या तिथे बदलून घ्यावी. रस्त्यावर चाकरमान्यांच्या गाड्या, दारात ढोल, आणि त्या दिवसांत काढलेलं रक्त कुठे पोचेल ते कुरिअरवालाही सांगत नाही.