१५ अँपिअरचं सॉकेट बास आहे का वॉलबॉक्स (भिंतीवर बसवायचा चार्जर) घ्यावा? आठ महिन्यांचा अनुभव

मी कोल्हापूरचा. टाटाची नेक्सॉन ईव्ही ही इलेक्ट्रिक गाडी (४०.५ किलोवॅट-तास म्हणजे युनिटची बॅटरीवाली) घेऊन आठ महिने झाले आणि दूध घालायला येणाऱ्या मामांपासून सगळे एकच विचारतात, "चार्ज व्हायला किती वेळ लागतंय ओ?" म्हणून एकदाच लिहून टाकतो.

गाडीबरोबरचा पोर्टेबल चार्जर १५ अँपिअरच्या सॉकेटला लागतो, गिझरला असतंय तसलं. ताशी साधारण अडीच युनिट आत जातात, त्यामुळं १० टक्क्यांवरून फुल्ल व्हायला कंपनी १५ तास सांगते, माझ्याकडं १४ च्या आसपास लागले. मेव्हण्याच्या तारा​बाई पार्कातल्या घरी ७.२ किलोवॅटचा वॉलबॉक्स आहे, तिथं तेच काम ६ तासात. ऐकायला लै फरक वाटतो पण रोज १० वरनं १०० कोण करतंय! माझं आर. के. नगर ते शिरोली एमआयडीसी जाऊन येऊन पंचवीसेक किलोमीटर, म्हणजे चार युनिट, जेवण होऊन मालिका संपेपर्यंत भरलेली असतात.

आता गंमत. मेव्हण्याकडं स्वतःची एमजी कॉमेट आहे, सुरुवातीच्या मॉडेलची, १७.३ किलोवॅट-तासवाली, तिच्या आतला चार्जरच ३.३ किलोवॅटचा. म्हणजे भिंतीवर ७.२ लटकवा नाहीतर २२, गाडी ३.३ च ओढणार, ७ तास ते ७ तासच. विकणाऱ्यानं हे सांगितलंच नाही आणि मेव्हण्यानं हौसेनं जाड केबल ओढली, महावितरणकडं मंजूर भार वाढवून घेतला. आता त्याचा खरा उपयोग मी पाहुणा म्हणून गेलो की होतोय, वर चहा पण मिळतो.

वॉलबॉक्सची आठवण एकदाच आली, रात्री ११ ला पुण्याहून १२ टक्क्यांवर परत आलो आणि सकाळी ६ ला परत पुण्यालाच निघायचं होतं. सकाळी ६० च्या वर काटा गेला नव्हता, मग साताऱ्याजवळ फास्ट चार्जरवर थांबलो.

आणि हो, तासांच्या आधी अर्थिंग बघा. सासुरवाडी शिवाजी पेठेत, जुनं घर, तिथं चार्जर लावला की लाल लाइट. वायरमन म्हणतोय, "पंखा, टीव्ही चालतंय की सगळं!" चालणारच, त्यांना अर्थिंग नसलं तरी कळत नाही, चार्जर मात्र आधी तेच तपासतो. नवीन अर्थिंग मारल्यावर हिरवा झाला.

मी वॉलबॉक्स घेतलेला नाही. मेव्हण्याचं घर गावातच आहे.