पाच सुताचा शाफ्ट सहा सुताचा केला : नऊ महिन्यांनंतर

माझा छोटा गार्डन ट्रॅक्टर बेल्टवर नाही, शाफ्टवर चालतो. इंजिनाची ताकद एका सरळ दांड्याने मागच्या गिअरबॉक्सला जाते आणि क्लचही त्याच दांड्यावर बसलेला आहे. गवत कापताना या शाफ्टने कधी त्रास दिला नाही. स्पर्धांमध्ये स्लेज (वजन लादलेली घसरगाडी) खेचायला लागल्यावर मात्र दांडा जोडून ठेवणाऱ्या आडव्या पिना तुटू लागल्या, आणि शेवटी शाफ्टच पिनेच्या भोकातून तुटला.

तुटलेला तुकडा नीट बघायला हवा होता, तो मी बघितला नाही. दांडा बारीक पडला असं धरून पाच सुताच्या (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, पाच सूत म्हणजे साधारण १६ मिलिमीटर) जागी सहा सुताचा, ईएन १९ या मजबूत मिश्र स्टीलचा बनवून घेतला. पिळाची ताकद व्यासाच्या घनाप्रमाणे वाढते. २१६ भागिले १२५, म्हणजे जवळजवळ पावणेदोन पट. ऐकायला छान वाटतं. पण जाड शाफ्टसाठी क्लचच्या प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंगचं भोकही मोठं करावं लागलं, आणि एवढं करून तिसऱ्याच खेचीला शाफ्टला गिअरबॉक्सशी जोडणारं मागचं रबर कपलिंग फाटलं.

मग हिशोब मांडला. १२ किलोवॅटचं इंजिन ३,६०० आरपीएमला साधारण ३२ न्यूटन-मीटर टॉर्क देतं. १६ मिलिमीटरच्या अखंड दांड्यावर त्याचा ताण ४० मेगापास्कलच्या आसपास येतो, म्हणजे साध्या स्टीललाही किरकोळ. जुना दांडा कमजोर नव्हताच. त्याला आरपार भोक होतं, त्या भोकाच्या कडेला ताण एकवटत होता आणि वर क्लच सोडतानाचा झटका. झटक्याचा टॉर्क इंजिनाच्या आकड्यात बसत नाही, कारण त्या क्षणी फ्लायव्हीलमध्ये साठलेला जोरही शाफ्टवर येतो.

म्हणून आता शाफ्टला आडवं भोकच ठेवलं नाही. चावी (दांडा आणि हबच्या खाचेत बसणारी पोलादी पट्टी) आणि दांड्यावर आवळून बसणारा हब लावला. कीवेचे, म्हणजे चावी बसते त्या खाचेचे, आतले कोपरे टोकदार न ठेवता गोलाई देऊन घेतले. टर्नरला हे आधी सांगा, नाहीतर तो सवयीने सरळ कोपरा काढतो आणि तडा तिथूनच सुरू होतो.

रबर कपलिंगच्या जागी दोन क्रॉस जॉइंट (कोनात वळूनही फिरणारे सांधे) बसवले. दोन्हींचे मधल्या दांड्यावरचे योक (क्रॉस धरणारे दोनफाटी तुकडे) एका रेषेत हवेत. पहिल्यांदा ते ९० अंशांनी फिरलेले बसले होते. जॉइंट कोनात असला की प्रत्येक फेऱ्यात गती दोनदा कमी-जास्त होते. ३,६०० आरपीएमला सेकंदाला १२० हिसके. योक रेषेत आणि दोन्हीकडचे कोन सारखे असले तर एक जॉइंट दुसऱ्याचा हिसका काढून टाकतो. माझ्याकडे उलट झालं, हिसके वाढले. स्टिअरिंग हातात थरथरत होतं आणि मी उगाच इंजिनाच्या माउंटिंगला दोष देत बसलो. योक रेषेत आणून डायल गेजवर शाफ्टचा आउट, म्हणजे फिरतानाची डगमग, पाच शतांश मिलिमीटरच्या आत घेतला, तेव्हा ट्रॅक्टर शांत झाला.

रबर गेल्याचा तोटा आहेच. झटका आता थेट गिअरबॉक्सपर्यंत जातो, म्हणून क्लचची सगळ्यात कडक स्प्रिंग मी मुद्दाम घेतली नाही. जास्तच झालं तर क्लच सरकू दे. डिस्क बदलणं सोपं, मागचे गिअर बदलणं नाही.

सगळ्यात जास्त फरक पडला तो एका फुकटच्या गोष्टीने. स्लेजवरचं वजन पुढे सरकत जातं तसा भार हळूहळू वाढतो, तो शाफ्टला सोसतो. मारतो तो साखळीच्या ढिलाईचा पहिला धक्का. आता साखळी ताणून घेतो आणि मगच क्लच पूर्ण सोडतो.

नऊ महिन्यांत शाफ्ट, चावी, हब जसेच्या तसे आहेत. एका क्रॉसमध्ये प्ले, म्हणजे ढिलेपणा, आला होता. ग्रीस द्यायला मी दोन वेळा चुकलो होतो. आता प्रत्येक स्पर्धेनंतर देतो. शाफ्टभोवती जाड पोलादी कडं बसवलं आहे. सीटखाली दांडा तुटून फिरू लागला तर पायाचं काय होईल, ते लक्षात घेता हे काम खरं तर सगळ्यात आधी करायला हवं होतं. तुमच्या ट्रॅक्टरला असं कडं नसेल तर शाफ्टला हात लावण्याआधी ते बसवा.