खजिना सातव्या प्रकरणात, खर्च सहाव्यात : 'डन्जन मास्टर्स गाइड'चे परीक्षण

नाशिकच्या गंगापूर रोडवर एका मित्राच्या घरी आम्ही सहा जण दर रविवारी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' खेळतो. यात प्रत्येक खेळाडू एका काल्पनिक पात्राची भूमिका घेतो आणि डन्जन मास्टर, म्हणजे डीएम, कथा व तिचे जग चालवतो. डीएमची जबाबदारी माझ्याकडे असल्यामुळे खेळाच्या पाचव्या आवृत्तीचे २०१४ सालचे नियमपुस्तक 'डन्जन मास्टर्स गाइड' माझ्या हाताखालून अनेकदा गेले आहे. हे परीक्षण मात्र संपूर्ण पुस्तकाचे नसून त्यातील खजिन्याच्या सातव्या प्रकरणाचे आहे, कारण आमच्या मोहिमेची, म्हणजे अनेक रविवार चालणाऱ्या कथेची, घडी विस्कटली ती याच ठिकाणी.

या प्रकरणातील खजिन्याचे तक्ते वापरायला अतिशय सोपे आहेत. शत्रूच्या ताकदीनुसार चार गट केलेले आहेत. योग्य तो गट पाहून फासे टाकले की तांब्याची, चांदीची व सोन्याची नाणी, रत्ने, कलावस्तू आणि जादूच्या वस्तू असा सगळा ऐवज दोन मिनिटांत ठरतो. एका पूर्ण मोहिमेत पहिल्या गटाचे सात, दुसऱ्याचे अठरा, तिसऱ्याचे बारा आणि चौथ्याचे आठ खजिने सापडावेत, असा अंदाजही पुस्तक देते. या खजिन्यांतील पैशांची बेरीज मात्र पुस्तकात नाही. ती मी वही घेऊन केली आणि तेव्हा आमचे काय चुकत होते ते लक्षात आले.

पहिल्या गटातील एका खजिन्यातील नाण्यांची सरासरी किंमत १९६ सोन्याची नाणी भरते. सात खजिन्यांचे मिळून १,३७२ होतात. यात रत्ने आणि कलावस्तू धरलेल्या नाहीत. संपूर्ण धातूचे उत्तम चिलखत १,५०० नाण्यांना येते, म्हणजे सुरुवातीच्या लेव्हलमध्ये (पात्राच्या अनुभवाच्या पायऱ्यांवर) साऱ्या खेळाडूंची रोकड एकत्र केली तरी एका योद्ध्याचे चिलखत होत नाही. ही चणचण खेळाला फार पोषक आहे. पन्नास नाण्यांचे जखमा भरून काढणारे औषध आमच्या मंडळींनी वर्गणी काढून घेतले होते आणि ते नेमके कोणासाठी वापरायचे यावर अर्धा तास मनापासून चर्चा झाली होती. एवढ्या भागाला मी पैकीच्या पैकी गुण देईन.

दुसऱ्या गटात मात्र एका खजिन्याची सरासरी ३,८५७ वर जाते आणि अठरा खजिन्यांची बेरीज ६९,४२६ होते, म्हणजे आधीच्या पन्नास पटींहून जास्त. पन्नास नाण्यांचे वजन एक पौंड हा नियम कसोशीने पाळला, तर अशा एका सरासरी खजिन्यातील ९,९०५ नाणी सुमारे ९० किलो भरतात, आणि साधारण ताकदीच्या माणसाला १५० पौंड, म्हणजे ६८ किलोच वाहून नेता येतात. नाणी कशी न्यायची, चांदी गुहेतच पुरून ठेवायची का, खेचर कुठून आणायचे, यात आमचा एक अख्खा रविवार गेला आणि तो फार चांगला गेला. वजनाचा नियम कंटाळवाणा म्हणून सोडून देणाऱ्यांनी तो एकदा तरी वापरून पाहावा.

अडचण येते ती नाणी शहरात पोहोचल्यानंतर. चिलखत घेऊन झाले की सोन्याला गिऱ्हाईकच उरत नाही. जादूच्या वस्तूंची खरेदी-विक्री नेहमीच्या बाजारासारखी नसावी, अशी पुस्तकाची भूमिका आहे आणि ती मला पटते. पण जादूच्या दुर्मीळ वस्तूची किंमत ५०१ ते ५,००० अशी दहापटीच्या अंतराने दिली, तर डीएमने भाव सांगायचा कसा? (२०२४ च्या आवृत्तीत दुर्मीळ वस्तूला ४,००० अशी एकच किंमत दिली आहे, ही सुधारणा खरोखर स्वागतार्ह आहे.) आमच्या एका खेळाडूने सहाव्या लेव्हलनंतर आपल्या पात्राच्या नोंदींच्या कागदावरील सोन्याच्या रकान्यावर पेन्सिलने आडवी रेघ मारली आणि पुढे त्यात काही लिहिलेच नाही. मला वाईट वाटले, पण त्याचे बरोबर होते.

यावर खेळाच्या २००३ च्या साडेतिसऱ्या (३.५) आवृत्तीकडे वळावे, असे अनुभवी खेळाडू सुचवतात. तिथे पाचव्या लेव्हलच्या पात्राकडे ९,००० आणि दहाव्या लेव्हलला ४९,००० नाण्यांचा ऐवज असावा, असा स्पष्ट तक्ता आहे. तो ताळा पाहायला उपयोगी आहे. पण तो काटेकोर पाळला की खेळाडू प्रत्येक वस्तू अर्ध्या किमतीला विकून पुढची घेण्याच्या हिशेबात अडकतात, असा माझा अनुभव आहे.

उत्तर खरे तर याच पुस्तकात, एक प्रकरण आधी आहे. सहाव्या प्रकरणात व्यापारी ठाण्याला ५,००० नाणी आणि ६० दिवस, छोट्या किल्ल्याला ५०,००० नाणी आणि ४०० दिवस असे बांधकामाचे दर दिले आहेत. त्या ६९,४२६ नाण्यांना जायला हीच वाट आहे, पण दोन्ही प्रकरणांची सांगड कुठेच घातलेली नाही. पुस्तकातील सर्वात मोठी उणीव मला हीच वाटते.

आम्ही ही सांगड नाशिकच्या पांडवलेणीतील एका प्राचीन शिलालेखाच्या आधाराने घातली. दहा क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने गोवर्धनातील विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यवसायसंघांकडे, ३,००० कार्षापण (त्या काळची नाणी) कायमचे ठेवले. त्यांतील २,००० वर महिना शेकडा एक व्याज ठरले आणि वर्षाच्या २४० कार्षापणांतून वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रांसाठी मिळत. हीच व्यवस्था मी आमच्या काल्पनिक नगरात आणली. मुद्दल श्रेणीकडे राहते, व्याजातून व्यापारी ठाण्याची डागडुजी होते आणि श्रेणीवर संकट आले की खेळाडूंच्या पात्रांना धावून जावे लागते. मेलेल्या साथीदाराला लगेच जिवंत करणाऱ्या मंत्राला लागणारा ३०० नाण्यांचा हिराही आता नगरात एका वेळी एकच मिळतो, आणि मंत्रात तो खर्ची पडतो.

नव्याने डीएम होणाऱ्याने हे पुस्तक जरूर घ्यावे, मात्र पहिला मोठा खजिना देण्यापूर्वी सहाव्या प्रकरणातील बांधकामाचे दर खेळाडूंसमोर ठेवावेत. रेघ मारणाऱ्या आमच्या मित्राने त्या रेघेखाली नवा रकाना आखला आहे. गेल्या रविवारी त्यात त्याने तटबंदीच्या दगडांचे १,२०० लिहिले.