थ्रिप्स पाहायला घेतलेलं २० पटीचं भिंग, एक हंगाम वापरून

मी भिवापूरकडचा मिरचीवाला, म्हणून हा रिव्ह्यू मिरचीच्या थ्रिप्सपुरता, म्हणजे फुलकिड्यांपुरताच. घडीचं भिंग आहे, ऑनलाइन ३४० रुपयाला पडलं, कडेला बारका एलईडी. लाइट दोन महिन्यात गेला, त्याचा एक स्टार कापला. काच मात्र साफ. फक्त हे डोळ्याला चिकटवून धरा लागते अन् फूल भिंगाच्या अगदी बोटभर जवळ आणा लागते, दुरून धरलं का नुसतं धुकं दिसते अन् लोक म्हणतात भिंग खराब निघालं.

घेतलं काऊन, तर २०२१ मध्ये आंध्र-तेलंगणात मिरचीचे प्लॉटच्या प्लॉट गेले ते ऐकून. तो किडा थ्रिप्स पार्विस्पिनस. आपल्या देशात त्याची पहिली नोंद २०१५ ची, अन् तीही मिरचीवर नाही, बेंगळुरूकडं पपईवर. म्हणजे मिलिमीटरभराचा किडा पाहून हा इथला नाही हे कोणीतरी सहा वर्षं आधी ओळखून लिहून ठेवलं होतं, मला हे लय मोठं काम वाटते.

फूल पांढऱ्या कागदावर झटकायचं अन् मग भिंग लावायचं. आपला जुना, कोकडा आणणारा थ्रिप्स पिवळसर असते, कोवळ्या पानावर राहते, पान वर वळून डोंग्यासारखं होते. पार्विस्पिनसची मादी गडद तपकिरी, डोकं-छाती जरा फिकी, अन् फुलात गर्दी करून बसते. एवढा फरक भिंगात साफ दिसते, तेवढ्यासाठी पैसे वसूल. पण नर पिवळाच असते, तिथं गोंधळ होते.

अन् काळा दिसला म्हणजे पार्विस्पिनसच असं नाही भाऊ, इथं मीच चुकलो. भिंगात पाहून ग्रुपवर टाकून दिलं की आला आपल्याकडं, तीन जणांनी दुसऱ्याच दिवशी महागडी फवारणी केली, त्याचं मला अजून वाईट वाटते. मग किडे ७० टक्के अल्कोहोलच्या बाटलीत घालून कीटकशास्त्राच्या मॅडमकडं नेले. बाटलीवर फक्त 'मिरची' लिहिलं होतं, त्यांनी आधी तारीख, गाव, पान की फूल हे सगळं लिहायला लावलं, तेही पेन्सिलनं चिठ्ठीवर अन् चिठ्ठी बाटलीच्या आत, कारण पेनाची शाई अल्कोहोलमध्ये धुऊन जाते. या गोष्टी नसल्या तर नोंद म्हणून तो किडा काही कामाचा नाही म्हणे.

नंतर स्लाइडवर पंख पसरवून मोठ्या मायक्रोस्कोपखाली मलाही दाखवलं. पोटाच्या आठव्या पट्टीच्या मागच्या कडेला बारीक केसांची कंगव्यासारखी रांग होती, पार्विस्पिनसला ती नसते. पोटाखालचे केसही मोजले, पार्विस्पिनसला सातव्या पट्टीवर मधले केस नसतात, याला होते. निघाला थ्रिप्स हवाईएन्सिस, आपल्याकडं फुलात नेहमी सापडणारा. हे २० पटीत दिसणं शक्यच नाही, कितीही भारी भिंग घ्या.

पाचपैकी चार. साळ्याच्या वावरासाठी दुसरं मागवलं, बिनलाइटचं, अन् सोबत झाकणाच्या दहा बारक्या बाटल्या अन् एक पेन्सिल.