धसकटानं पाय चिघळला: एक्स-रे, सोनोग्राफी, सीटी की एमआरआय?

तुरीचं धसकट, म्हणजे कापणीनंतर शेतात उरलेला टोकदार खुंट, पायात घुसतं, माणूस हळद दाबून कामाला जातो आणि चार दिवसांनी पाय गुडघ्यापर्यंत सुजतो. नागपूर, वर्धा किंवा अमरावतीकडे निघताना घरचे विचारतात, "साहेब, आधी कोणता फोटो काढायचा?"

कातडी लाल, ताप बेताचा, रोगी बोलता-चालता असेल तर बहुधा कोणताच फोटो लागत नाही. शंका आत पू साठल्याची असेल तर सोनोग्राफीच करा. धसकटाचा तुकडा लाकडी असल्यानं एक्स-रेत सहसा उमटत नाही, सोनोग्राफीत मात्र सापडतो. पण हे पाहणाऱ्याच्या हातावर आहे. शिवाय गडचिरोली-चंद्रपूरकडे हत्तीपायाचे जुने रोगी बरेच. त्यांच्या कातडीखाली पाणी आधीपासूनच असतं, त्यामुळे नुसत्या पाण्यावरून निदान करणं अवघड जातं.

खरी भीती असते ती स्नायूंवरचं आवरण सडवणाऱ्या संसर्गाची, म्हणजे नेक्रोटायझिंग फॅसायटिसची. त्यात एक्स-रेवर विसंबू नका. मांसात हवेचे काळे ठिपके दिसले तर धोका जवळजवळ पक्का, पण ते साधारण निम्म्याच रोग्यांत दिसतात. २०१९च्या एका एकत्रित विश्लेषणात एक्स-रेनं सुमारे ४९ टक्के रोगी पकडले, सीटीनं सुमारे ८८ टक्के. सीटी काही मिनिटांत होतो, हवा आणि खोलवरचं पाणी दोन्ही दाखवतो. म्हणून शंका अर्धवट असेल तर मी सीटीच सांगेन. मधुमेही रोग्याचं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) वाढलेलं असेल तर कॉन्ट्रास्टबद्दल, म्हणजे फोटो स्पष्ट यावा म्हणून शिरेतून देतात त्या औषधाबद्दल, डॉक्टरांना जरूर विचारा. कॉन्ट्रास्टशिवायही हवा दिसतेच. एमआरआय सगळ्यांत बारीक पाहतो, पण साध्या सुजेलाही कधी कधी भयंकर ठरवतो, आणि बीपी उतरलेल्या माणसाला तेवढा वेळ नळीत ठेवणं मला पटत नाही. मधुमेहाच्या जुन्या जखमेत हाड सडलंय का, हे सवडीनं पाहायला तो उत्तम.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. जखमेच्या मानानं ठणका फार जास्त, लाली तासातासाला पुढे सरकते, काळे-निळे फोड, दाबलं की कातडीखाली कुरकुर, बीपी खाली, रोगी असंबद्ध बोलतो: यातलं काही दिसलं तर कोणत्याही फोटोसाठी थांबू नका. पक्कं निदान चीर देऊन आत पाहिल्यावरच होतं आणि उपचारही तिथूनच सुरू होतो. सीटी एका गावात आणि सर्जन दुसऱ्या गावात असेल, तर गाडी सर्जनकडे न्या. भामरागडहून किंवा धारणीहून निघालेल्या माणसाचे तास आधीच रस्त्यात गेलेले असतात.

निघण्याआधी अँटिबायोटिकचा पहिला डोस आणि सलाईन जवळच्या दवाखान्यातच लावून घ्या. १०८ येईपर्यंत पुढच्या दवाखान्यात फोन करा: "सर्जन आणि भूल देणारे डॉक्टर आत्ता आहेत का?" आणि लालीच्या कडेनं बॉलपेननं रेघ ओढून शेजारी वेळ लिहा.